‘खोटं खोटं हं!’

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त बालवर्ग व पहिलीच्या पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



हीरकमहोत्सवी वर्षात व्यासपीठावर उभे राहिलेल्या वक्त्याने संस्थेचा इतिहास सांगावा, असा संकेत आहे. तो इतिहास माझ्याहून अधिक अधिकारी मंडळींनी यापूर्वीच्या कार्यक्रमांतून सांगितला आहे. मी या शाळेत बालवर्ग आणि पहिली यांच्या पलीकडे कधी गेले नाही. दहावीचे निकाल, स्पर्धांच्या ढाली, माजी विद्यार्थ्यांची मोठमोठी पदे यांच्याशी माझा संबंध दुरून कौतुक करण्यापुरताच. माझे सारे कार्यक्षेत्र जमिनीपासून तीन फुटांच्या आतले. म्हणून आज मी त्या उंचीवरच्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू मी सोबत आणली आहे आणि या टेबलावर ठेवते. हे एक पुठ्ठ्याचे खोके आहे. किराणा दुकानातून मागून आणले; आत काही नाही. महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांनी अलीकडे या शब्दाला भलताच अर्थ चिकटवला आहे, पण आपण जबलपुरात आहोत आणि आपले खोके खरोखरच रिकामे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने परदेशातून येताना एक चित्रपुस्तक आणले. अँटोइनेट पोर्टिस या अमेरिकन लेखिकेचे आणि चित्रकर्तीचे ‘नॉट अ बॉक्स’ हे ते पुस्तक. २००६ साली प्रसिद्ध झालेले. वेष्टन असे की हातात घेतल्यावर खोक्याच्या पुठ्ठ्याचाच भास व्हावा. आत मोजके शब्द आणि एक लहानसा ससा. अंगावर कपडे नाहीत, मागे झाड नाही, घर नाही. काळ्या रेघेने काढलेला ससा आणि काळ्या रेघेनेच काढलेले खोके, एवढाच संसार. कोणीतरी विचारते, खोक्यात का बसला आहेस? ससा म्हणतो, हे खोके नाही. आपण पान उलटतो. तेच खोके, पण त्यावर तांबड्या रेघांनी मोटारगाडी उमटलेली असते आणि ससा ती हाकत असतो. पुन्हा प्रश्न येतो, आता खोक्यावर चढून काय करतो आहेस? पान उलटावे तो ससा पर्वताच्या शिखरावर. खोक्यावर पाणी का मारतो आहेस? इमारतीला आग लागलेली आणि हा बंब घेऊन उभा. खोके अंगात का घातले आहेस? तो यंत्रमानव झालेला. असे बराच वेळ चालते. शेवटी विचारणारा जेरीस येऊन विचारतो की मग हे आहे तरी काय. ससा थोडा वेळ विचारात पडतो आणि सांगतो की हे माझे ‘खोके-नव्हे’ आहे. त्यात बसून तो अग्निबाणासारखा आकाशात जातो.

पुस्तक संपले. वाचायला तीन मिनिटे लागतात. मी मात्र त्या दिवशी ते चार-पाच वेळा वाचले, कारण एक गोष्ट मला सारखी टोचत होती. प्रश्न विचारणारी व्यक्ती या पुस्तकात कोठेही दिसत नाही. तिचा केवळ आवाज आहे. तो आवाज रागीट नाही, दुष्ट नाही. घराघरांत दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारा तो साधाच आवाज आहे. त्याला काळी रेघ दिसते, तांबडी दिसत नाही, एवढेच. आणि ससा कधीही समजावून सांगत बसत नाही. ‘ही मोटार आहे’ असे तो एकदाही म्हणत नाही. तो फक्त नाकारतो. तांबडी रेघ दाखविली आहे ती वाचकाला, म्हणजे मांडीवर बसून पुस्तक ऐकणाऱ्या मुलाला; आणि ते मूल त्या क्षणी विचारणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा शहाणे असते. मुले हे पुस्तक पुन्हा पुन्हा का मागतात, याचे उत्तर मला येथे सापडले.

ते मी पहिलीच्या वर्गात वाचले. मराठी छापील मजकूर माझ्यापाशी नव्हता, तेव्हा जागच्या जागी मराठी करीत वाचले. तिसऱ्या पानापासून मुले पान उलटण्याच्या आधीच ओरडू लागली. ससा खोक्यावर चढला तेव्हा एकजण म्हणाला, ‘मदनमहाल!’ आणि ज्या पानावर ससा नळी घेऊन खोक्यावर पाणी मारतो, त्या पानावर चार-पाच मुले एकदम म्हणाली, ‘बाई, तो कूलरमध्ये पाणी भरतोय!’ मी पान उलटले. आग लागलेली इमारत दिसली. मुलांनी ती पाहिली आणि पुस्तकाचीच चूक झाली असावी अशा समजुतीने पुढे निघाली. मे महिन्यातील जबलपूर जिने पाहिले नाही, तिला कूलर कसा सुचणार! त्या दिवसानंतर मी त्या पानावर आग म्हणत नाही. मुले म्हणतील ते म्हणते.

पुस्तक मिटल्यावर मी वर्गात एक खरे खोके ठेवले, बाजूला बसले आणि काही बोलले नाही. न बोलणे ही माझ्यासारख्या बाईला फार अवघड गोष्ट आहे, हे माझे सहकारी सांगतील. त्या पुढच्या अर्ध्या तासाविषयी मी नंतर सांगेन. आधी एका शब्दाविषयी थोडे बोलते.

‘खोटे’ आणि ‘खोटे खोटे’ यांत मराठीने केवढे अंतर ठेवले आहे, याचा आपण कधी विचार केला आहे का? ‘तो खोटं बोलला’ म्हटले की अपराध घडला. ‘तो खोटं खोटं रडला’ म्हटले की खेळ सुरू झाला. शब्द एकदा उच्चारला तर शिक्षा, दोनदा उच्चारला तर हसू. मुलांच्या खेळांची नावेही अशीच पडतात. शाळा म्हटले की ही इमारत, ही बाके, हजेरीपट. ‘शाळा शाळा’ म्हटले की जिन्याच्या पायऱ्या आणि हातात मोजपट्टी घेतलेली पाच वर्षांची बाई. दुकान दुकान, डॉक्टर डॉक्टर, घर घर. आपल्या शेजारच्या हिंदीतही हीच रीत आहे, त्यामुळे आपली मुले एका खेळातून दुसऱ्यात आणि एका भाषेतून दुसरीत विनासायास जातात. आणि या द्विरुक्तीच्या शेवटी येणारा तो इवलासा ‘हं’! ‘मी आई हं. तू बाळ हं. तू आता झोपलीस हं. आता सकाळ झाली हं.’ बाळ अजून झोपलेले नसते, सकाळ तर मुळीच झालेली नसते. पण ‘हं’ म्हणताच दोघींमध्ये एक करार होतो. तो करार मोडणाऱ्यावर मुले जेवढी संतापतात, तेवढी मार बसल्यावरही संतापत नाहीत.

काही पालक काळजीने विचारतात की अशा खेळांनी मुलांना खोटे बोलण्याची सवय तर लागणार नाही? त्यांनी भातुकली एकदा नीट पाहावी. मातीची भाकरी मुलगी तोंडापाशी नेते, ‘चब चब’ करते आणि खाली ठेवते. ती खात नाही. खरे आणि खोटे खोटे यांमधली सीमा तिला आपल्याहून पक्की ठाऊक असते. माती खरोखरच खाणारी मुलगी आपल्याच शहरातील एका थोर कवयित्रीने अमर केली आहे, पण ‘मेरा नया बचपन’मधील ती लेक अगदीच तान्ही होती, भातुकलीच्या वयाला यायची होती.

पालकहो, हे सारे मी आज ठामपणे सांगते आहे. एके काळी मला ते ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली आहे. ते सांगितल्याखेरीज पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला. आपल्यापैकी अनेकांना तो आठवत असेल. जे तेव्हा लहान होते त्यांना आईवडिलांनी उचलून अंगणात आणल्याचे आठवत असेल. त्यानंतर कित्येक रात्री माणसे घरात झोपायला धजली नाहीत. भिंतींच्या भेगा बुजविल्या गेल्या, सुट्टी संपली, शाळा उघडली. मी वर्गात लाकडी ठोकळ्यांची टोपली ठेवली होती. एक मुलगी रोज त्या ठोकळ्यांचे घर बांधी, त्यात एक चिंध्यांची बाहुली निजवी, आणि मग दोन्ही हातांनी ते घर ढकलून देई. ‘भूकंप, भूकंप! पळा!’ असे ओरडे. बाहुलीला उचलून बाकाखाली नेई. पुन्हा घर, पुन्हा भूकंप. दिवसातून सात-आठ वेळा. इतर मुलेही त्यात ओढली जाऊ लागली, वर्गात गलका होऊ लागला. मला ते अभद्र वाटले. खरे तर मलाच ते पाहवत नव्हते. एके दिवशी मी टोपली उचलून कपाटात ठेवली आणि तिला सर्वांदेखत म्हटले, ‘असं खोटं बोलू नये. भूकंप काही होत नाहीये.’

ती मुलगी गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिसऱ्या दिवशी तिची आई आली आणि म्हणाली, ‘बाई, पोरगी रात्री पुन्हा दचकून उठायला लागली. शाळा सुरू झाल्यापासून जरा थांबलं होतं हो.’

मी टोपली परत काढून ठेवली. ती त्या ठोकळ्यांकडे लगेच वळली नाही. दहा-बारा दिवस गेले. मग एके दुपारी तिने पुन्हा घर बांधले. त्या वेळी भूकंप आला तेव्हा तिने बाहुलीला आधीच बाहेर काढून ठेवले होते. पुढे पुढे घर पडेनासे झाले, आणि दिवाळीपर्यंत त्या ठोकळ्यांचे दुकान झाले. भूकंपाच्या पहाटे ज्या पोरीच्या हाती काहीच नव्हते, ती या खेळात भूकंप आणणारीही होती आणि वाचविणारीही. कोणी न शिकविता तिने आपल्यावर जे औषध शोधून काढले होते, त्याची बाटली मी काढून घेतली होती. मी तिला म्हटलेले वाक्यही पाहा. ‘खोटं खोटं’मधला एक ‘खोटं’ मी गाळला होता, दुसरे काही नाही.

यानंतर मी जमेल तसे वाचू लागले. वाचताना लक्षात आले की माझ्यासारखी चूक फार मोठमोठ्यांच्याही हातून झाली आहे. ज्यांना बालशिक्षणाच्या क्षेत्रात आपण मातृस्थानी मानतो, त्या मारिया माँटेसरींना मुलांचे असे कल्पनेचे खेळ फारसे मंजूर नव्हते. वडिलांच्या काठीचा घोडा करून दौडणारे मूल त्यांना कल्पक वाटत नसे. ज्याला खरा घोडा मिळत नाही ते काठीवर भागवते, ज्याला खरे तट्टू मिळाले आहे ते काठी कशाला घेईल, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणून खोटी भांडी देऊ नका, खरी द्या. खोटा केर काढायला लावू नका, खरा काढू द्या. यात तथ्य आहेच, आणि आपल्या बालवर्गात मुले खरी वाटी खऱ्या पाण्याने विसळतात ती त्यांच्याच कृपेने. परंतु काठीच्या घोड्यावर त्यांनी अन्याय केला असे मला नम्रपणे वाटते.

त्याच काठीविषयी लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली लेनिनग्राडला एक व्याख्यान दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लहान मुलाला वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करता येत नाहीत. घोडा म्हणजे तो समोरचा घोडा. ज्या क्षणी ते काठीला घोडा म्हणते आणि तिच्यावर टांग टाकते, त्या क्षणी ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटतो आणि काठीच्या आधाराने उभा राहतो. पुढे कधीतरी काठीचीही गरज उरणार नाही, नुसता शब्द पुरेल. एका अक्षराला ध्वनी मानणे, ‘क्ष’ला न पाहिलेली संख्या मानणे, नकाशावरच्या निळ्या रेघेला नर्मदा मानणे, या सगळ्याची सुरुवात त्या काठीपाशी आहे. त्याने आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे. काठी घोडा होऊ शकते, पण आगपेटीतली काडी होऊ शकत नाही, कारण तिच्यावर टांग टाकता येत नाही. मुलाची कल्पना आपल्याला वाटते तशी बेबंद नसते. ती वस्तूचे ऐकते.

आणि आपले गिजुभाई बधेका! भावनगरच्या दक्षिणामूर्तीत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले ते माँटेसरींच्या विचारांनी भारावून. पण गोष्टी, लोकगीते आणि नाट्य त्यांनी वर्गाबाहेर जाऊ दिले नाही. त्यांचे ‘दिवास्वप्न’ आपण शिक्षक मंडळी वाचतो ते एका शिक्षकाच्या प्रयोगाचे पुस्तक म्हणून. तो शिक्षक आणि ती शाळा गिजुभाईंनी मनाने रचलेली आहे. म्हणजे ज्या पुस्तकाने हजारो खऱ्या शाळा बदलल्या, ते एका अर्थी ‘शाळा शाळा’च आहे! गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाल्यापासून हे काम मराठीत रुजविले. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, त्या आदिवासी पाड्यांत गेल्या तेव्हा त्यांनी महागडी साधने बाजूला ठेवली आणि शिंपले, बिया, दगड मुलांच्या हाती दिले. शिंपल्याची पणती होते, बशी होते, होडी होते. साधन जेवढे गरीब, तेवढा तांबड्या रेघेला वाव अधिक. अमेरिकेत रॉचेस्टर येथे खेळण्यांचे एक मानाचे दालन आहे, नामवंत खेळण्यांना त्यात स्थान मिळते. २००५ साली त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला तेथे बसविले आणि २००८ साली काठीला. पोर्टिसबाईंनीही खोक्यानंतर काठीचे पुस्तक केले. त्यात सशाच्या जागी डुकराचे पिल्लू आहे. सत्तर-पाऊणशे वर्षांनी का होईना, काठीला न्याय मिळाला.

आपल्याला मात्र हे शिकायला रॉचेस्टरला जाण्याचे कारण नाही. सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहिल्या, येथेच त्यांनी मुले वाढविली. त्यांची कदंबाच्या झाडाची कविता आपली मुले हिंदीच्या पुस्तकात पाठ करतात. त्या कवितेतला मुलगा काय करतो? अंगणातले झाड यमुनेकाठी नेतो, स्वतः कन्हैया होतो, फांदीवर लपून आईला हाका मारतो आणि तिला घाबरवून मग कुशीत येतो. आणि त्यांची जी कविता साऱ्या भारताला मुखोद्गत आहे, तिच्यात झाशीच्या राणीचे बालपण आठवा. आपली मनू, एका मराठी घरची पोर, काय खेळत असे म्हणून सांगितले आहे? लुटुपुटूची लढाई, व्यूह रचणे, किल्ले फोडणे. मराठी मुलीच्या खोट्या खोट्या लढाईचे हिंदीतले सर्वांत प्रसिद्ध वर्णन जबलपूरच्या कवयित्रीच्या लेखणीतून उतरावे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आपल्या शाळेच्या भिंतीवर राणीचे जे चित्र आहे ते घोड्यावरच्या राणीचे आहे. एखादे चित्र ठोकळ्यांचा किल्ला फोडणाऱ्या मनूचेही असावे, अशी सूचना मी या निमित्ताने करून ठेवते.

किल्ल्यावरून आठवले. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आपली रीत जबलपूरच्या मराठी घरांनी कित्येक पिढ्या पाळली. सदनिका आल्या, अंगणे गेली, आता गच्चीवर एखादा दिसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या मुलाने किल्ला केला. माथ्यावर शिवाजी महाराजांचे चित्र होते, मावळे होते, आणि शेजारच्या बुरुजावर हत्तीवर बसलेली एक बाई. मी विचारले, ही कोण रे? तो म्हणाला, ‘राणी दुर्गावती. ती पाहुणी आलीय महाराजांकडे.’ दुर्गावती १५६४ साली येथून जवळच लढता लढता गेली, तेव्हा महाराजांचा जन्मही व्हायचा होता. मी इतिहास दुरुस्त करण्यासाठी तोंड उघडले होते. मग ठोकळ्यांची टोपली आठवली आणि मी विचारले, ‘पाहुणीला जेवायला काय केलंय?’

आता खोक्याकडे परत येते. पहिलीच्या वर्गात मी खोके ठेवले आणि बाजूला बसले, असे मघाशी सांगितले. प्रथम ते जोंगा झाले. आपल्या वाहन निर्माणीची जोंगा रस्त्यावर फारशी दिसत नाही. त्या मुलाने आजोबांकडून ऐकलेली असावी. मग कोणी तोफ केली, तोफगाडी कारखान्यात आजोबा, पणजोबा ज्यांचे नोकरीला होते अशा घरांतली मुले येथे अजून आहेत. मग ग्वारीघाटची नाव झाली. नाव झाल्यावर खेळ रंगला, कारण नावेत माणसे लागतात. एक नावाडी, एक आजी, एक आई, एक बाळ, एक फुले-दिवे विकणारी. आणि मी कान देऊन ऐकू लागले तेव्हा एक नवल दिसले. नावाडी हिंदीत बोलत होता: ‘चलो, चलो, बैठो अम्मा!’ दिवे विकणारी हिंदीत. आजी मात्र अस्सल मराठीत: ‘अगं, पदर धर माझा, पडशील.’ खेळात डॉक्टर आला की तो अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी. बाई मराठी. कोणी शिकविले नव्हते. प्रत्येक पात्राला मुले त्याच्या भाषेत उभे करीत होती. आपल्या घरांत कोण कोणत्या भाषेत बोलते, याची जनगणना करायची असेल तर मुलांच्या खोक्यापाशी बसावे.

या जनगणनेतला एक आकडा मात्र मला अस्वस्थ करतो. मी शिकवू लागले तेव्हा खेळातील आई मराठी बोलत असे. ‘मी आई बनते’ म्हणे, ‘होते’ म्हणत नसे, हा आपल्या जबलपुरी मराठीचा गोडवा. पण बोले मराठीतच. गेल्या काही वर्षांत खेळातील आई हिंदी बोलू लागली आहे. त्या दिवशीच्या नावेतही आई बाळाला म्हणत होती, ‘चुपचाप बैठो, पानी में हाथ मत डालो.’ आजी एवढी उरली आहे. आणि ज्या घरात आजी नाही, तेथील मुलाला आजीचे सोंग येत नाही.

मी कोणालाही दोष देत नाही. पेशव्यांच्या सरदारांबरोबर, नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, पुढे रेल्वेत, कारखान्यांत, कचेऱ्यांत आपली माणसे येथे आली. १९५६ पर्यंत नागपूर ही आपलीच राजधानी होती आणि मराठी ही प्रांताच्या कारभाराचीही भाषा होती. तो काळ गेला. हिंदी ही या मातीची भाषा आहे, तिच्यात आपली मुले हसतात, भांडतात, आणि त्यांनी तसे करावेच. पण मराठी शाळेच्या अस्तित्वाविषयी आपण सभांमधून बोलतो तेव्हा पटसंख्या, अनुदान, माध्यम असे शब्द येतात. मला वाटते की आणखी एक मोजमाप असावे: मूल कोणत्या भाषेत खोटे खोटे रडते? परीक्षेपुरती आलेली भाषा परीक्षेबरोबर जाते. ज्या भाषेत बाहुलीला दटावले, ती मला तरी आजवर विसरता आलेली नाही.

म्हणूनच पहिलीच्या पालकांनी ‘बाई, नुसतं खेळतातच का हो? लिहायला केव्हा लावणार?’ असे विचारले की मी घाबरत नाही. पूर्वी घाबरत असे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तीन ते आठ या वयोगटासाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळ हाच शिक्षणाचा कणा मानला आहे, तेव्हा आता सरकारही माझ्या बाजूला आहे, असे मी सांगते. ते ऐकून पालकांचे समाधान होतेच असे नाही. एक वडील मला म्हणाले होते, ‘मॅडम, खेळायला घर आहे की.’ मी त्यांना विचारले, घरी खेळायला कोण आहे? ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘मोबाइल.’ खरे सांगते, त्या माणसाविषयी मला आदर वाटला. मोबाइलच्या पडद्यावर तांबडी रेघ दुसऱ्याने आधीच काढून ठेवलेली असते, आणि तिची भाषाही त्यानेच ठरविलेली असते. मुलाला ‘हं’ म्हणायला जागा नाही, कारण पलीकडे करार करणारे कोणी नाही.

चित्रपुस्तकांची गोष्ट वेगळी. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या पुस्तकांतील घरे आपल्या घरांसारखी असतात, आणि पुस्तक मिटल्यावर मुले त्या घरातले खेळ मराठीत पुढे चालवितात, कारण त्या घरातली आई मराठी बोलते. ही पुस्तके जरूर घरी न्यावीत. पाने दुमडली, कोपरे चावले गेले तरी चालेल. नवी कोरी परत आलेली पुस्तके पाहून मला वाईट वाटते, हे ग्रंथपालांच्या समोर सांगण्याचे धाडस मी आज करते.

या सत्रात दर शुक्रवारी शेवटची तासिका पहिलीच्या वर्गात ‘खोक्याची तासिका’ म्हणून ठेवण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे, याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. ज्या आजी-आजोबांना येता येईल त्यांनी यावे. शिकवायचे काहीच नाही. खाली बसता येत नसेल तर खुर्ची देऊ. मुलांनी नावेत बसविले तर बसावे, भाडे मागितले तर हातावर खोटे खोटे पैसे ठेवावेत आणि बोलताना मराठीत बोलावे. आयांना दुपारी सवड नसते हे मी जाणते. पण एखाद्या शुक्रवारी सुट्टी असलीच तर खेळातल्या आईशेजारी खरी आई येऊन बसली तर मुलांना चालेल का, हे मला पाहायचे आहे. त्या कदाचित म्हणतील, ‘आई आहे आधीच. तुम्ही पाहुण्या व्हा.’ तसे झाले तर पाहुणी व्हावे.

आणि येताना घरातले रिकामे खोके आणावे. लहान-मोठे कसलेही चालेल. कूलरचे किंवा धुलाईयंत्राचे असेल तर फारच उत्तम, त्यात चौघे मावतात. झाकणाच्या लोखंडी पिना मात्र तेवढ्या घरीच काढून आणाव्यात. मागच्या वेळी नावाड्याच्या अंगठ्याला लागली होती.